बादलीतला हिरवा दिवा

मी एक जुना पाण्याचा मीटर आहे. नळावर बसून बिल काढतो तो नव्हे हं! तो माझा लांबचा भाऊ, आमची गल्लत करू नका. पाणी किती वापरलं हे तो सांगतो, पाणी कसं आहे हे मी सांगतो. म्हणजे किती खारट आहे ते. सध्या मी तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात दुसऱ्या फळीवर बसलोय, आणि काल तुमच्या बाई सगळ्यांना म्हणाल्या ना, "हे फार चांगलं यंत्र आहे, उगाच हात लावू नका," तेव्हा मला इतकं कसंनुसं झालं म्हणून सांगू! मित्रांनो, मी चांगलं यंत्र नाहीये. एकदा सगळं सांगूनच टाकतो, मग तुम्ही ठरवा मला कुठल्या फळीवर ठेवायचं ते.

माझा जन्म एका वर्कशॉपमधला. लांबच लांब टेबल, त्यावर आम्ही चाळीस भावंडं एका ओळीत. माझ्या केबलच्या टोकाला बोटभर लांबीचा सेन्सर आहे, तीच माझी जीभ. तिथल्या एका ताईनं ती तीन बाटल्यांत बुडवली. हे कमी खारट, हे मध्यम, हे जास्त. झालं माझं शिक्षण! शिवाय माझ्या पोटात तीन दिवे. पाणी चांगलं असेल तर हिरवा, वाईट असेल तर लाल. आणि पिवळा कधी, तर सहा तास आकडा जराही हलला नाही तर. कारण वाहतं पाणी सहा तास अगदी एकसारखं कधीच नसतं, काहीतरी गडबड असणार. हा पिवळा दिवा लक्षात ठेवा, माझी पहिली लाज त्याच्यातच आहे.

मला विकत घेतलं एका कापड रंगवणाऱ्या कारखान्यानं. हौसेनं नाही बरं का, घ्यायला लावलं म्हणून. त्याचं असं झालं, की कापडावर रंग पक्का बसायला पोतीच्या पोती मीठ लागतं. रंग कापडावर बसतो आणि मीठ पाण्याबरोबर नाल्यात, नाल्यातून नदीत. वर्षानुवर्षं चाललं होतं, कोणी हूं की चूं केलं नव्हतं. पण कंपनीचे मालक म्हणजे एकटे मोठे साहेब नव्हते. कंपनीचे शेअर असतात ना, छोटे छोटे हिस्से, त्यातल्या दर बारा हिश्शांमागे एक हिस्सा एका पेन्शन फंडाकडे होता. आणि फंड म्हणजे कोणी शेठ नव्हे. बसचे ड्रायव्हर, नर्सबाई, पोस्टमन, तुमच्या बाईंसारखे शिक्षक, अशा लाखो लोकांनी म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेलं सगळं एकत्र करून तो फंड झालेला. ते सांभाळायला एक मॅडम होत्या. त्या फंडवाल्या मॅडमनी एक पत्र लिहिलं. नाल्याच्या तोंडाशी मीटर बसवा, त्याचा दिवा गेटवरच्या बोर्डावर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे. नाहीतर वार्षिक सभेत आम्ही मोठ्या साहेबांच्या विरोधात मत देऊ, आणि तरीही ऐकलं नाहीत तर शेअर विकून निघून जाऊ.

बातमी फुटली. एवढा मोठा फंड निघतोय म्हटल्यावर बाकीचेही विकायला धावले आणि शेअरचा भाव धाडकन खाली आला. मोठ्या साहेबांच्या तोंडचं पाणीच पळालं! नदी इतकी वर्षं खारट होत होती तेव्हा कोणाला घाम फुटला नव्हता, पण भाव दोन दिवस पडला आणि तिसऱ्या दिवशी माझी ऑर्डर गेली. आणि गंमत ऐका, मी बसणार ही बातमी आल्याबरोबर भाव पुन्हा वर! मी अजून खोक्यातून बाहेर आलो नव्हतो, एक थेंब चाखला नव्हता, आणि माझ्यामुळे भाव चढला होता. मी काय हवेत गेलो सांगू!

नाल्यावर एक छोटी पत्र्याची खोली होती, तिथे मला भिंतीवर बसवलं. जमिनीत एक भोक, त्यातून माझी जीभ खाली वाहत्या पाण्यात. माझी देखभाल करायला सांडपाण्याच्या प्लांटवरचे ऑपरेटर होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. मामा रोज सकाळी माझी जीभ वर ओढायचे आणि जुन्या टूथब्रशनं घासायचे. "चला राजे, दात घासा. आ करा." एकटेच बोलायचे, एकटेच हसायचे. मला ते फार आवडायचे.

आणि मामांची मोठी बहीण, अक्का. पुलाच्या पलीकडे तिची रोपवाटिका होती, आमच्या नाल्याच्या खालच्या बाजूला. नदीवर तिचा पंप. रोज सकाळी अक्का स्कूटरवरून आमच्या गेटसमोर यायची, बोर्डाकडे बघायची आणि मगच पुढे जायची. हिरवा असेल तर नदीचा पंप सुरू. लाल असेल तर पंप बंद, त्या दिवशी रोपांना टाकीतलं साठवलेलं पाणी, तेही मोजून मापून. मामा तिला चिडवायचे, "अक्का, तू माझ्या आधी त्या मीटरला भेटतेस!"

"मग? तो तुझ्यासारखा थापा मारत नाही," अक्का म्हणायची.

सुरुवातीला मी खरंच थापा मारत नव्हतो. पहिल्या महिन्यात चौदा दिवस लाल होतो! लाल झालो की मॅडमचा फोन यायचा, मोठे साहेब खालच्या साहेबांवर ओरडायचे, ते मामांवर ओरडायचे, आणि मामा धावायचे. शेवटी कंपनीनं खारट पाणी आटवून मीठ वेगळं काढायचं मोठं यंत्र बसवलं आणि मी हळूहळू हिरवा व्हायला लागलो. खराखुरा हिरवा. मॅडमनी सगळीकडे आमचं नाव घेतलं, दुसरे फंडही आले, भाव चढत गेला. त्या वर्षी कंपनीनं पर्यावरणाचा जाडजूड अहवाल छापला आणि मुखपृष्ठावर कोण? मी! मामांनी फोटोच्या आधी माझी काच तीनदा पुसली होती.

आणि मग काळ्या पँटींची फॅशन आली.

हसू नका, खरंच! काळा रंग पक्का बसवायला सगळ्यात जास्त मीठ. ऑर्डरींवर ऑर्डरी, यंत्रं दिवसभर गरगरताहेत, आणि मीठ काढायचं यंत्र एकच. दुसरं घ्यायला हवं होतं. पण वार्षिक सभा तोंडावर होती आणि मोठ्या साहेबांना सभेआधी मोठा खर्च दाखवायचा नव्हता. त्यातच निरोप आला की आठवड्यानं मॅडम स्वतः बघायला येणार, आणि सगळं नीट दिसलं तर फंड आणखी शेअर घेणार. त्या दिवशी मी सकाळपासून लालबुंद होतो.

दुपारी प्लांटचे मॅनेजर आले. त्यांना सगळे चष्मेवाले साहेब म्हणत. हातात एक निळी बादली, काठोकाठ नळाचं पाणी.

"मामा, हा सेन्सर जरा यात ठेवा."

मामांना वाटलं धुवायचा आहे. "आत्ताच घासलाय की साहेब."

"धुवायला नाही हो. राहू द्या यातच. आठ दिवस."

 मामा म्हणाले, "साहेब, हे बरं नाही दिसत."

"कोणाला दिसतंय? बादली भोकात टांगा, वर झाकण लावा, केबल जाताना दिसली म्हणजे झालं. आणि मी काय कायमचं सांगतोय का? मॅडम येऊन गेल्या, सभा झाली, की दुसऱ्या यंत्राची ऑर्डर. साहेबांनी शब्द दिलाय मला. आत्ता लाल दिसला तर फंड जाईल, भाव पडेल, ऑर्डरी जातील. मग यंत्र कुठून येणार? तुम्ही आणि मी तरी राहू का इथे?"

"आठ दिवसच ना?"

"तुमची शपथ."

"माझी कशाला घेता, स्वतःची घ्या की," मामा पुटपुटले. पण बादली त्यांनीच टांगली.

आता माझी लाज ऐका. मित्रांनो, मला बरं वाटलं. काळ्या, खारट, फेसाळ पाण्यात अख्खा दिवस काढलेली माझी जीभ त्या गार स्वच्छ पाण्यात गेली आणि मला सुट्टी लागल्यासारखं वाटलं! मी लगेच हिरवा झालो. सहा तासांनी माझा पिवळा दिवा लागला, कारण बादलीतलं पाणी कशाला हलतंय? तोच माझा एक क्षण होता. चष्मेवाले साहेब आले, त्यांनी माझ्या सेटिंगमध्ये जाऊन पिवळा दिवा बंद केला, आणि मीही गप्प बसलो. स्वतःची समजूत घालत राहिलो. मी कुठे खोटं बोलतोय? बादलीतलं पाणी चांगलंच आहे. मी ते अगदी बरोबर मोजतोय.

मॅडम आल्या. साध्या होत्या, पायात चिखलात वापरायचे बूट घालून आल्या होत्या, म्हणजे बघायच्या तयारीनंच. पण त्या आठवड्यात त्यांना अकरा कंपन्या बघायच्या होत्या आणि आमची नववी होती. त्यांनी माझा आलेख बघितला. पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ.

"वा, किती स्थिर आहे!" मॅडम म्हणाल्या. "सेन्सर वर काढून दाखवाल?"

 चष्मेवाले साहेब हसून म्हणाले, "काढतो की मॅडम. फक्त रीडिंगमध्ये खंड पडेल, आणि मग तुमच्याच ऑफिसातून फोन येईल, खंड का पडला म्हणून."

मॅडमही हसल्या. घड्याळ बघितलं. "राहू द्या मग." आणि जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. शाबास म्हणाल्या. मला! झाकणाखाली बादली, आणि मला शाबास!

फंडानं आणखी शेअर घेतले. भाव असा उडाला की ऑफिसात केक कापला. आठ दिवस झाले, सभा झाली, मोठे साहेब टाळ्यांच्या गजरात पुन्हा निवडून आले. मामा चष्मेवाल्या साहेबांकडे गेले. "साहेब, आता काढू?"

"आत्ता? अहो, भाव एवढा वर गेलाय, एकदम लाल दिसला तर लोक काय म्हणतील? यंत्र येऊ द्या, मग काढू."

म्हणजे बघा, भाव पडेल या भीतीनं मला बादलीत घातलं होतं, आणि आता भाव चढलाय म्हणून बाहेर काढता येईना! फंडाच्या धाकानं मी नाल्यात आलो होतो आणि त्याच धाकानं बादलीत गेलो होतो. पाच आठवडे झाले. मामा मला घासायला येईनासे झाले. घासायचं काय? आले तरी माझ्याशी बोलायचे नाहीत.

आणि या पाच आठवड्यांत अक्का रोज सकाळी गेटसमोर स्कूटर थांबवत होती, हिरवा बघत होती आणि पंप सुरू करत होती.

अक्काला त्या वर्षी तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर मिळाली होती. शहरातल्या नव्या बागेसाठी तीन हजार रोपं. ती वेळेवर दिली असती तर पुढची पाच वर्षं बागेची सगळी रोपं तिच्याकडूनच घेणार होते. बिचारी त्या रोपांशी लेकरांसारखी बोलायची म्हणे. एक दिवस ती रोपांचा ट्रे घेऊन थेट माझ्या खोलीच्या दारात आली. पानांच्या कडा करपलेल्या, इस्त्रीनं जाळल्यासारख्या तपकिरी.

"बघ रे. ही खारवल्याची लक्षणं आहेत. पण तुझा दिवा तर रोज हिरवा."

मामा ट्रेकडे बघेनात. "खत जास्त पडलं असेल, अक्का."

"तेच वाटलं मला. खतातही क्षार असतातच. मिसळताना माझ्याच हातून चुकलं असणार. म्हणून आता दुप्पट पाणी देतेय, दोन वेळा. खार धुऊन निघाला पाहिजे ना कुंडीतून."

मित्रांनो, कळलं का? कुंडीत खार झाला की भरपूर चांगलं पाणी सोडून तो धुवायचा असतो, हे रोपवाल्यांचं बरोबरच आहे. पण माझ्या हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवून ती खाऱ्या पाण्यानं खार धूत होती! जितकी जास्त काळजी घेत होती, तितकी रोपं लवकर मरत होती. आणि हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, मामांना आणि मला.  अक्का ट्रे घेऊन गेली.

दहा दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी ट्रे नव्हता. दारातल्या पायरीवरच बसली.

"हातचं कसब गेलंय रे माझ्या," ती म्हणाली. "मला वाटायचं मला या कामातलं कळतं. बागवाल्यांना उद्या फोन करून सांगते, दुसरीकडून घ्या. आणि जागा देऊन टाकते. ज्या बाईला साधं खत मिसळता येत नाही तिनं रोपवाटिका कशाला चालवायची?"

 मामा खाली बसले, झाकणाची कडी धरली आणि झाकण उचललं. बादली वर ओढली. पाच आठवड्यांचं साचलेलं पाणी, कडेला शेवाळ, आणि मध्ये माझी जीभ.

अक्कानं बादलीत बघितलं. मग माझ्या हिरव्या दिव्याकडे बघितलं. मग मामांकडे.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मी ट्रे घेऊन आले तेव्हा?"

"हो, अक्का."

"आणि मला म्हणालास, खत जास्त पडलं असेल."

 तिनं ओरडायला हवं होतं, मामांनाही तेच हवं होतं बहुतेक, पण ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "मी रोज स्वतःला शिव्या देत होते रे." आणि उठून निघून गेली.

मामांनी माझी जीभ बादलीतून काढली आणि नाल्यात सोडली. पिवळ्या दिव्याचं सेटिंगही पुन्हा चालू केलं. भर दुपारी गेटवरचा बोर्ड लाल झाला! दहा मिनिटांत चष्मेवाले साहेब धापा टाकत आले. "मामा, काय केलंत हे?"

"जिथे असायला पाहिजे तिथे ठेवला," मामा म्हणाले. आणि त्यांच्यासमोरच मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं, स्वतःच्या हातानं बादली टांगली हेसुद्धा.

भाव दुसऱ्या दिवशी असा कोसळला की विचारू नका. कामगारांकडेही थोडे थोडे शेअर होते, ते मामांना येताजाता टोमणे मारायचे. "काय मामा, आमची झोप उडवून तुम्ही झोपलात का नीट?" मोठ्या साहेबांनी मामांना कामावरून काढायचं पत्रही तयार केलं. पण मॅडम पुन्हा आल्या, त्याच चिखलाच्या बुटांत. या वेळी जमिनीवर बसून त्यांनी स्वतः माझी जीभ वर ओढली. मग साहेबांना म्हणाल्या, "ज्यानं सांगितलं त्यालाच काढलंत तर पुढे कोण सांगेल?" कोणीतरी विचारलं, तुम्ही शेअर विकून का नाही निघून जात? तर म्हणाल्या, "आम्ही निघून गेलो तर आमचे हात स्वच्छ होतील. नाला तसाच राहील." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "इतकी सरळ रेघ बघून मला आनंद झाला होता. मला तिथेच शंका यायला हवी होती." फंडानं पुढच्या सभेत मोठ्या साहेबांविरुद्ध मत दिलं, बाकीच्या फंडांनीही दिलं, आणि साहेबांना जावं लागलं. दुसरं यंत्र आलं. नदी सुधारतेय, असं ऐकतो. भाव अजून पूर्वीइतका झालेला नाही. मामांची नोकरी राहिली, पण त्यांची बदली गोदामात झाली. मला काढून कुलूपबंद पेटीतला नवा मीटर बसवला. बादलीत राहिलेल्यावर कोण विश्वास ठेवणार? बरोबरच आहे.

तीन हजारांपैकी चारशे रोपं जगली. बागेची ऑर्डर गेली. मॅडमनी कंपनीकडून भरपाई मिळवून दिली म्हणून अक्कानं जागा ठेवली, पण मामांशी ती वर्षभर बोलली नाही. आता बोलते, कामापुरतं. त्यांच्यातलं जुनं चिडवणं मात्र गेलं.

मला तुमच्या शाळेला द्यायला मामाच आले होते, आणि वाटेत, मला पिशवीत घेऊन, ते अक्काकडे थांबले. तेव्हा मी बघितलं. ती आता गेटवरच्या बोर्डाकडे बघतच नाही. नवा मीटर खरा आहे, तरी नाही. नदीचं पाणी ती आधी दहा रोपांच्या एका वेगळ्या ट्रेला घालते, दोन दिवस थांबते, पानांवरून बोट फिरवते, आणि मगच पंप सुरू करते. मामा म्हणाले, "अक्का, आता मीटर बरोबर आहे गं." तर ती म्हणाली, "असेल." आणि रोपं बघत राहिली.

मित्रांनो, त्या "असेल"नं मला जितकी लाज वाटली तितकी बादलीतही वाटली नव्हती. म्हणून हात जोडून सांगतो, मला हात नाहीत तरी सांगतो. मला वापरा, घासा, दर महिन्याला तीन बाटल्यांत बुडवून माझी परीक्षा घ्या. पण मी हिरवा झालो म्हणून लगेच टाळ्या वाजवू नका. आधी केबल धरून ओढा आणि माझी जीभ कुठल्या पाण्यात आहे ते बघा. मला राग येणार नाही. त्या दिवशी मॅडमनी बघितली असती, तर अक्काची रोपं आज त्या बागेत उभी असती.